गाणी टिकतात म्हणजे नेमके काय टिकते?

खर्ज (धागाकर्ता)

काही महिन्यांपूर्वी एका घरगुती समारंभात रात्री वीज गेली आणि स्पीकर बंद पडला. वीस-बावीस माणसे जमली होती. सगळ्यांत लहान मुलगा आठ वर्षांचा आणि सगळ्यांत थोरल्या बाई पंचाहत्तरीच्या. गाणे मध्येच तुटल्यामुळे काही जणांनी ते सवयीने पुढे म्हणायला घेतले. ते गाणे त्या वर्षी जिथे जावे तिथे वाजत होते. मुखड्याच्या दोन ओळी सर्वांनी जोरात म्हटल्या, तिसऱ्या ओळीला शब्द गळाले, चौथ्या ओळीला तोंडाने वाजवलेला ठेका तेवढा उरला आणि मग सगळे हसून थांबले. थोड्या वेळाने अंधारातच कोणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वीचे एक गाणे सुरू केले, जे त्या संध्याकाळच्या यादीत कुठेच नव्हते. पहिला अंतरा सहज झाला, दुसऱ्या अंतऱ्यात दोघे अडखळले तेव्हा तिसऱ्याने शब्द पुरवला, आणि तो आठ वर्षांचा मुलगा शब्द चुकवत असला तरी चालीवर पक्का होता. त्याला ते गाणे कोणी बसून शिकवले नव्हते.

या प्रसंगाचे नेहमीचे स्पष्टीकरण तयार असते : जुन्या गाण्यांना दर्जा होता, आताच्या गाण्यांना नाही. मला ते पटत नाही. जुन्या काळातील जी गाणी आज आपल्या कानावर येतात, ती चाळून उरलेली गाणी आहेत. जी गळून पडली ती तुलनेला हजरच नसतात. ज्या १९६९ या वर्षाला जग वूडस्टॉकच्या महोत्सवामुळे ओळखते, त्या वर्षी अमेरिकेतील बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या वार्षिक यादीत अव्वल ठरलेले गाणे एका व्यंगचित्र-मालिकेतील काल्पनिक वाद्यवृंदाच्या नावाने काढलेले होते. १९६७ साली ब्रिटनमध्ये ज्या दोन गाण्यांच्या तबकडीवर आज पुस्तके लिहिली जातात, ती बीटल्सची तबकडी दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिली, कारण पहिल्या क्रमांकावर एंगलबर्ट हंपरडिंक हे गायक ठाण मांडून बसले होते. त्या त्या आठवड्याची यादी एवढेच सांगते की गाणे किती लोकांपर्यंत पोहोचले. ते किती लोकांजवळ राहिले, हे तिला कळण्याचा मार्गच नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की एखादे लोकप्रिय गाणे त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाशिवाय जगू शकत असेल तर ते पिढ्या ओलांडते. म्हणजे ते दुसऱ्याच्या गळ्यात, दुसऱ्या पट्टीत, वाद्यांशिवाय, किंबहुना वाईट गळ्यातही ओळखू आले पाहिजे. स्टुडिओतून उचलून स्वयंपाकघरात आणल्यावर जे गाणे गाणेच राहत नाही, ते कितीही गाजले तरी त्याचे आयुष्य त्या ध्वनिमुद्रणाच्या फॅशनएवढेच असते. वाद्यांचा नाद, ढोलाचा आवाज, गळ्यावर केलेली यांत्रिक प्रक्रिया यांवर काळाचा शिक्का सर्वांत आधी उमटतो आणि सर्वांत आधी जुनाट दिसू लागतो तोही तोच. चाल आणि शब्द यांना मात्र प्रत्येक पिढी आपल्या काळाचे कपडे घालू शकते.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण लेनर्ड कोहेन या कॅनेडियन कवी-गायकाच्या ‘हालेलुया’चे आहे. हे गाणे ज्या अल्बममध्ये १९८४ साली आले, तो अमेरिकेत प्रकाशित करायलाच त्यांच्या कंपनीने नकार दिला होता. १९९१ साली जॉन केल यांनी ते पियानोवर, वेगळी कडवी निवडून गायले. १९९४ साली जेफ बकली यांनी केल यांचा धागा धरून ते गिटारवर गायले. आणि २००८ साली ब्रिटनमध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील विजेतीने गायलेले रूप नाताळात पहिल्या क्रमांकावर असताना बकली यांचे रूप दुसऱ्या क्रमांकावर होते आणि स्वतः कोहेन यांचे मूळ ध्वनिमुद्रण छत्तिसाव्या. मूळ ध्वनिमुद्रण जवळजवळ अपयशी ठरले, पण गाणे टिकले, आणि ते टिकले ते इतरांच्या गळ्यातून.

सर्वांची मते वाचायला आवडतील. विशेषतः माझ्या म्हणण्याला छेद देणारी उदाहरणे कोणाकडे असतील तर ती अवश्य द्यावीत.

तबकडी

धागा आवडला, परंतु मूळ मुद्द्याशी मी निम्माच सहमत आहे. तुम्ही ध्वनिमुद्रणाला कपडे म्हणता. माझा अनुभव असा की कित्येकदा ध्वनिमुद्रण हेच शरीर असते.

गेल्या वर्षभरात मी घरातील सुमारे दीडशे कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. काही फितींवरचा थर इतका सुटला होता की एकदा वाजवल्यावर वाचकशीर्षावर (फितीवरचा ध्वनी वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर) तपकिरी भुकटी जमायची आणि ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याशिवाय पुढची कॅसेट लावता येत नसे. मी एक खेळ केला. प्रत्येक कॅसेट लावण्यापूर्वी तिच्यावरील गाण्यांची नावे वाचून चाल आठवते का ते पाहिले. तुमच्या सिद्धांताप्रमाणे आठवणारी गाणी म्हणजे टिकलेली गाणी. प्रत्यक्षात असे झाले की काही गाण्यांची चाल मला अजिबात आठवली नाही, पण पहिल्या दोन सेकंदांत, गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच, नुसत्या सुरुवातीच्या वाद्याच्या आवाजावरून मला ते संपूर्ण गाणे, पुढे कुठे श्वास ऐकू येतो आणि कुठे व्हायोलिन येतात यासकट, डोळ्यांपुढे उभे राहिले. हे गुणगुणण्यातून कधीच झाले नसते. माझ्या स्मरणात चाल नव्हती, नाद होता.

लोकप्रिय संगीताचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा मुख्यतः ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, म्हणून गाणे तीन मिनिटांचे झाले. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि १९४९ साली ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली, तरीही सुट्या गाण्याची लांबी बराच काळ तिथेच घुटमळत राहिली, कारण तोवर श्रोत्यांचा कान त्या मापाचा झाला होता. यंत्राने गाण्याला आकार दिला, मग त्याच यंत्राला ‘बाहेरचे’ म्हणून कसे वेगळे काढणार? लुई आर्मस्ट्राँग यांचा खरखरीत आवाज काढून टाकला तर ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’मध्ये काय उरते? एक बरी, गोड, काहीशी साधी चाल.

तेव्हा टिकण्याचे दोन प्रकार मानावेत असे मी सुचवेन. काही ठिकाणी गाणे टिकते, काही ठिकाणी आवाज टिकतो.

आकडेमोड

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गृहीतक समान आहे, ते असे की टिकण्याचे कारण गाण्याच्या आत कुठेतरी दडलेले असते. मला याबद्दलच शंका आहे.

मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांनी अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि चौदा हजारांहून अधिक लोकांना ती ऐकून हवी ती उतरवून घेण्याची मुभा दिली. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. उरलेल्यांना एकमेकांपासून तोडलेल्या आठ ‘जगां’मध्ये विभागले होते आणि त्यांना आपल्या जगातील इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हेही दिसत होते. गाणी तीच, आरंभ शून्यापासून, तरी आठ जगांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या तयार झाल्या. एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात चाळिसावे. इतरांची पसंती जितकी ठळकपणे दाखवली, तितकी विषमता आणि अनिश्चितता वाढली. निष्कर्ष असा होता की सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला जात नाहीत, सर्वांत वाईट गाणी सहसा वर येत नाहीत, पण मधल्या सर्व गाण्यांचे काहीही होऊ शकते.

आता हे आर्मस्ट्राँग यांच्या गाण्याला लावून पाहा. १९६७ साली ते अमेरिकेत आले तेव्हा कंपनीच्या प्रमुखाला ते आवडले नाही, त्याने त्याची जाहिरात केली नाही, आणि विक्री नगण्य झाली. तेच गाणे १९६८ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेला ते खऱ्या अर्थाने कळले १९८७ साली एका युद्धपटात वापरल्यावर, म्हणजे गायकाच्या निधनानंतर सोळा वर्षांनी. सॅलगॅनिक यांच्या प्रयोगातील दोन जगे इथे प्रत्यक्षात, अटलांटिक महासागराच्या दोन बाजूंना होती असे म्हणायला हरकत नाही. सिक्स्तो रॉड्रिगेझ या अमेरिकन गायकांचा १९७० सालचा पहिला अल्बम अमेरिकेत पडला आणि दक्षिण आफ्रिकेत घराघरांत पोहोचला, त्याचा पत्ता स्वतः त्यांनाही कित्येक वर्षे नव्हता. यात गाण्याच्या आतले काय बदलले?

खर्ज

@आकडेमोड, प्रयोगाचा उल्लेख अत्यंत योग्य आहे, पण माझ्या समजुतीप्रमाणे तो गाणे *उगवण्याविषयी* सांगतो, *टिकण्याविषयी* नव्हे. कोणते बी कोणत्या जमिनीत पडेल यात दैवाचा मोठा वाटा असतो हे मान्य. परंतु एकदा उगवलेल्या हजार रोपांपैकी पन्नास वर्षांनी कोणती उभी आहेत, हा वेगळा प्रश्न आहे. प्रयोगात कोणी वीस वर्षांनी परत येऊन ‘त्या ४८पैकी कोणते गुणगुणता येते’ असे विचारले नव्हते. शिवाय तुम्हीच दिलेले उदाहरण पाहा : वीस वर्षे एका देशात बाजूला पडलेले गाणे दुसरी संधी मिळताच लगेच उभे राहिले. १९६७ साली आलेली असंख्य गाणी चित्रपटांत पुन्हा वापरली गेली असतील, आणि त्यांतील बहुतेक चित्रपटाबरोबरच विसरली गेली. दुसरी संधी मिळणे हे नशीब असेलही, पण ती मिळाल्यावर तग धरणे हे गाण्याचे कर्तृत्व मानायला हवे.

@तबकडी, ‘आवाज टिकतो’ हा मुद्दा मला नीट विचार करायला लावणारा आहे. त्यावर सवडीने लिहितो.

मधलीसुटी

माझा अनुभव अगदी साधा आहे. माझ्या जन्मापूर्वी पंधरा वर्षांची गाणी मला पाठ आहेत, माझ्या जन्मानंतरच्या दहा वर्षांतील फारशी आठवत नाहीत, आणि कॉलेजच्या काळातील पुन्हा पाठ आहेत. मधला काळ कुठे गेला हे मला कोडेच आहे. त्या काळात वाईट संगीत होते असे नक्कीच नाही.

आकडेमोड

@मधलीसुटी, तुमचे कोडे अभ्यासकांनाही पडले होते. माणसाला आपल्या किशोरवयातील आणि विशीतील आठवणी पुढे आयुष्यभर अधिक ठळक राहतात, हे बरेच आधीपासून माहीत आहे. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली विशीतील तरुणांना १९५५ ते २००९ या काळातील गाजलेली गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या काळातील गाण्यांशी त्यांचे नाते सर्वांत जवळचे निघाले, परंतु आलेखात त्याआधी एक उंचवटा दिसला, तो त्यांच्या आई-वडिलांच्या तारुण्याच्या काळाचा, आणि आणखी मागे साठच्या दशकाचा. म्हणजे तुम्हाला पाठ आहेत ती गाणी घरात आई-वडील त्यांच्या स्वतःच्या तारुण्यासाठी लावत होते आणि तुम्ही बाजूला खेळत होतात.

यातून एक अंकगणित निघते. आई-वडिलांनी जे लावले नाही, ते मुलाला मिळाले नाही. आणि एक पिढी जरी साखळी तुटली तरी पुढच्या पिढीकडे ते गाणे घरातून येण्याची शक्यता जवळजवळ संपते. सामूहिक विस्मरणावर २०१९ साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एखाद्या गोष्टीची चर्चा माणसे आपापसांत करतात तो पहिला टप्पा संगीताच्या बाबतीत सर्वांत आखूड, सहा वर्षांहूनही थोडा कमी असतो, तर चरित्रांच्या बाबतीत तो वीस-तीस वर्षे चालतो. त्यानंतर उरते ती नोंद आणि संग्रहातली स्मृती, आणि तिचा ऱ्हास फार मंद असतो. खर्ज यांच्या अंधारातल्या प्रसंगातले वर्षभर गाजलेले गाणे बहुधा अजून त्या पहिल्या टप्प्यातच आहे, म्हणून त्याचा निकाल इतक्यात लावू नये असे वाटते.

मात्रा

गेली बरीच वर्षे लहान मुलांना गाणे शिकवते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

खर्ज यांच्या म्हणण्यातील ‘वाईट गळ्यातही ओळखू येणे’ ही कसोटी मला मान्य आहे, पण तिचा अर्थ ‘गायला सोपे’ असा कोणी घेऊ नये. जगात बहुधा सर्वांत जास्त वेळा गायले जाणारे गाणे म्हणजे वाढदिवसाचे इंग्रजी गाणे. त्याची चाल १८९३ साली पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींनी वर्गात मुलांनी सकाळी म्हणायच्या नमस्काराचे गाणे म्हणून छापली. वाढदिवसाचे शब्द तिला नंतर चिकटले. ते स्वरांत मांडून पाहा. पहिली ओळ मंद्र पंचमापासून सुरू होऊन षड्ज घेऊन निषादावर थांबते. दुसरी तिथूनच निघून एक स्वर आणखी वर, रिषभाला शिवते आणि षड्जावर येते. तिसऱ्या ओळीत मात्र मंद्र पंचमावरून थेट मध्य पंचमावर उडी आहे, म्हणजे अख्खे सप्तक, तेही जिचा किंवा ज्याचा वाढदिवस आहे त्याचे नाव घेण्याच्या आधी. कोणत्याही समूहात त्या ठिकाणी काय होते ते सर्वांनी ऐकले आहे. ज्याने उत्साहाने उंच पट्टी धरलेली असते तो किंचाळतो, काही जण खालच्याच पंचमावर राहतात, आणि नावाच्या वेळी तीन वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र होतात. गाणे सोपे नाही, तरी ते मोडत नाही.

ते का मोडत नाही, याचे उत्तर मला त्याच्या बांधणीत दिसते. पहिल्या दोन ओळींचा आरंभ हुबेहूब सारखा असल्यामुळे तिसऱ्या ओळीची सुरुवातही आपोआप सापडते. उडी कुठे आहे हे कान आधीच ओळखून असतो, फक्त गळा तिथे पोहोचत नाही. आणि पोहोचला नाही तरी सगळ्यांना कळते की इथे वर जायचे होते. टिकाऊ गाण्याच्या आत असे खुणेचे दगड असतात. डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी महाकाव्ये, कथागीते आणि मुलांची मोजणीची बडबडगीते यांचा अभ्यास करून दाखवले की मौखिक परंपरेत शब्द एकट्याने लक्षात राहत नाहीत. यमक, लय आणि अर्थ हे तिन्ही मिळून पुढच्या शब्दाची जागा इतकी अरुंद करतात की तिथे दुसरे फारसे काही बसतच नाही. वर्गात मी हे रोज पाहते. मूल शब्द विसरते तेव्हा त्या जागी जो शब्द घालते तो अर्थाने भलताच असला, तरी त्याच्या मात्रा बरोबर असतात आणि शेवटचे अक्षर बहुतेक वेळा जुळलेले असते. गाणे स्वतःची डागडुजी स्वतः करत असते.

याउलट काही चाली अशा असतात की त्यांची सगळी गंमत एखाद्या हरकतीत किंवा दोन ओळींमधल्या वाद्याच्या तुकड्यात असते. ती हरकत घेता आली नाही तर मुलांना गाण्यात काही उरल्यासारखे वाटत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती ते गाणे मागत नाहीत. अशी गाणी वाईट असतात असे मी म्हणणार नाही. ती एका गळ्याची असतात आणि त्या गळ्याबरोबर राहतात.

वाटसरू

चर्चा चांगली चालली आहे, पण घर आणि गळा यांच्या मध्ये जी यंत्रणा उभी असते तिचा उल्लेख अजून कोणी केला नाही. गाणे दुसऱ्या पिढीच्या कानावर पडण्यासाठी ते कुठेतरी वाजावे लागते आणि ते वाजू द्यायचे की नाही हे कोणीतरी ठरवत असते.

१९५२ साली भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी ती ऐकणे सोडले नाही. त्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली आणि अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. हे उदाहरण सहसा ‘लोकांनी धोरण हरवले’ असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते : सिलोनचे शक्तिशाली प्रक्षेपक तिथे नसते तर त्या पाच वर्षांतील गाणी आज किती जणांना तोंडपाठ असती?

दुसरी बाजू मालकीची. गाण्याचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला ते पुन्हा छापण्यात, चित्रपटाला किंवा जाहिरातीला देण्यात रस असेल तर ते डोळ्यांसमोर राहते. हक्कांचा वाद वारसांत अडकला तर ते कपाटात राहते. आबा हा स्वीडनचा वाद्यवृंद १९८२ साली थांबला. पुढची दहा वर्षे त्याला कोणी फारसे मानत नव्हते. १९९२ साली निवडक गाण्यांचा संग्रह आला, १९९९ साली त्याच गाण्यांवर लंडनमध्ये संगीतिका उभी राहिली, आणि ज्यांचा जन्म वाद्यवृंद थांबल्यानंतरचा आहे अशा मुलांना ती गाणी स्वतःच्या काळातली वाटू लागली. चाली पक्क्या होत्याच, मात्रा यांच्या कसोटीला त्या पूर्ण उतरतात, परंतु त्यांना दुसऱ्यांदा दाराशी आणून उभे करणारी माणसे हिशेबी होती.

आणि कधी कधी कारण याहूनही क्षुद्र असते. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांच्या मूळ फिती मोठ्या संख्येने जळाल्या, आणि तो प्रकार किती मोठा होता याची चर्चा २०१९पर्यंत झालीच नाही. गाजलेल्या गाण्यांच्या प्रती इतरत्र होत्या. ज्यांच्या नव्हत्या, त्यांना दुसरी संधी मिळण्याचा प्रश्नच संपला. केट बुश यांचे १९८५ सालचे गाणे एका मालिकेमुळे २०२२ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, तब्बल ३७ वर्षांनी. पण त्यासाठी ते ३७ वर्षे कोणीतरी सांभाळून ठेवलेले असावे लागते.

उडतेपाखरू

सगळ्यांचे मुद्दे वाचले. टिकणे हीच गाण्याची परीक्षा आहे असे सर्वांनी गृहीत का धरले आहे, एवढेच विचारायचे होते. एका उन्हाळ्यात चार महिने ज्या गाण्यावर आम्ही दहा जण वेड्यासारखे नाचलो, ते आज मला धड आठवत नाही आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. त्याने त्याचे काम केले. सगळ्याच गाण्यांनी पन्नास वर्षे जगायचे ठरवले तर नव्या गाण्यांनी जायचे कुठे?

खर्ज

@उडतेपाखरू, तुमचा आक्षेप मान्य. मी ‘टिकलेले’ म्हणजे ‘चांगले’ असे कुठे लिहिले नसले तरी सूर तसा लागला असावा. आपल्या नाचाच्या गाण्याचा नाद त्या उन्हाळ्यासाठी नेमका होता आणि बहुधा म्हणूनच तो पुढच्या उन्हाळ्यात चालला नसता.

@मात्रा, स्वरांसह केलेली मांडणी वाचून मी खरोखरच ते गाणे पेटीवर वाजवून पाहिले. माझी मूळ कसोटी यामुळे अधिक नेमकी झाली. मी ‘मूळ ध्वनिमुद्रणाशिवाय जगणे’ म्हणत होतो. आता असे म्हणेन की गाण्यात चुका पचवण्याची ताकद हवी. ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’चा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कोणी रचले हे माहीत नसलेले हे लोकगीत १९३३ साली ध्वनिमुद्रित झाले, १९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकांनी केंटकीमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ते उतरवून घेतले, आणि १९६४ साली अ‍ॅनिमल्स या इंग्लिश वाद्यवृंदाने ते ऑर्गन आणि विजेवरच्या गिटारसह जगभर नेले. वाटेत गाणारी व्यक्ती बाईची पुरुष झाली, शब्द बदलले, चालीचा बाजही बदलला. एवढे बदलूनही ते ‘तेच’ गाणे आहे याविषयी कोणाला शंका येत नाही.

@वाटसरू, यंत्रणेचा मुद्दा मी गाळला ही माझी चूकच होती. लोमॅक्स यांच्याजवळ त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचे यंत्र नसते तर वरील परिच्छेदही लिहिता आला नसता.

राहिला @तबकडी यांचा मुद्दा. तुमचे दोन प्रकार मला मान्य आहेत, पण त्यांचे आयुर्मान सारखे आहे असे मला वाटत नाही. जो आवाज टिकतो, तो आपल्याला तो प्रथम ज्या वयात भेटला त्याच्याशी बांधलेला असतो. तुमची दोन सेकंदांत गाणे उभे राहण्याची जादू तुमच्या मुलांच्या बाबतीत होईल का? आकडेमोड यांनी सांगितलेली घरातली साखळी तिथेही लागेलच. आर्मस्ट्राँग यांच्यासारखे आवाज अपवाद आहेत, आणि ते अपवाद का आहेत याचे उत्तर माझ्या कसोटीत बसत नाही, हे मान्य करतो. तरीही मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे पिढ्यानपिढ्या ऐकले जाते, असे निखळ उदाहरण तुमच्याकडे आहे का?

तबकडी

आहे असे मला परवापर्यंत वाटत होते. बिंग क्रॉस्बी यांनी १९४२ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ जगात सर्वाधिक खपलेल्या तबकडीचा मान मिरवते आणि दर डिसेंबरात त्याच आवाजात वाजते. तुम्हाला उत्तर म्हणून तेच देणार होतो. लिहिण्यापूर्वी खात्री करावी म्हणून संग्रहातील तबकड्यांची माहिती काढली, तेव्हा लक्षात आले की मागणी इतकी होती की प्रती काढून काढून मूळ साचा झिजून गेला, आणि १९४७ साली तोच वाद्यवृंदप्रमुख आणि तेच साथीचे गायक बोलावून, शक्य तितके आधीसारखेच ठेवून, गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आज सर्वत्र ऐकू येते ते हे दुसरे रूप आहे. क्रॉस्बी यांनी स्वतःचीच नक्कल केली आणि लोकांनी ती मूळ म्हणून सांभाळली. माझ्याकडील तबकडी पहिली आहे की दुसरी, हे तिच्या लेबलाजवळ कोरलेल्या क्रमांकावरून कळायला हवे. भिंग सापडले की पाहून इथेच कळवतो.